रांगेतली पुस्तकं

नातीनं वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाला डांबरगोळीचा वास आला, अन् मी औशाजवळच्या आमच्या गावात जाऊन पोचले. लातूर जिल्हा नवाच झालेला, पण पाणी कुठंच न्हाई. आम्ही पोरी शाळा बुडवून टँकरच्या रांगेत बसायचो, म्हणून शाळेचं ग्रंथालय सांभाळणाऱ्या बाई पिशवीत डांबरगोळीच्या वासाची पुस्तकं घालून रांगेतच यायच्या.

एकदा मी गोष्टीत अशी बुडाले की माझ्या घागरी रिकाम्याच राहिल्या अन् टँकर गेला बी. आई म्हणाली, "आता पुस्तकच पी."

सांजच्याला बाई आपली भरलेली घागर घेऊन दारात उभ्या. "चूक माझी हाय, आक्का. पुस्तक मी दिलं." मान खाली घालून बोलल्या. आईनं पाणी ओतून घेतलं. मग बाईंनी माझ्यापुढं हात केला, मी पुस्तक परत दिलं.

तेव्हा मला राग आला तो पुस्तक गेल्याचा. बाईंच्या घरात मग प्यायला काय उरलं असंल, हे आत्ता मनात येतं, अन् मान वर होत न्हाई.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, पण पिशवी न्हाई. पोरींनी मला विचारलं, "बाईंनी पुस्तकं का गं आणली न्हाईत?"

मी म्हणाले, "मला काय ठाऊक."