सडकेनं की पांदणीनं

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सेनगावात राहायचो आणि जवळच्या एका खेड्यात सायकलीवर जाऊन शिकवायचो. जायला दोन वाटा होत्या. एक डांबरी सडक. तिच्यावर टपापर्यंत माणसं भरलेल्या जीपगाड्या सायकलवाल्याला खड्ड्यात सारूनच पुढे जात. दुसरी शेतांमधली पांदण. तिथं जीप नव्हती, पण पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी ठासून बसायची की सायकलच माझ्या खांद्यावर बसून प्रवास करायची. सडकेच्या सेनगावातल्या तुकड्याला एका पुढाऱ्यानं फीत कापून फुटपाथही दिला होता. आठवड्याच्या आत त्यावर केळीचे गाडे आणि मोटारसायकली स्थायिक झाल्या. कोनशिला मात्र मोकळी राहिली. शेळीसुद्धा तिच्याकडे पाठ करून बसायची.

खेड्यात शाळा सातवीपर्यंतच होती. त्या वर्षी सातवी झालेल्या एका मुलीला आठवीसाठी सेनगावला जायचं होतं. तिचे वडील मेंढ्या राखायचे, थोडी शेती करायचे. मामानं जुनी सायकल दिली होती. प्रश्न वाटेचा होता. आई म्हणे, सडकेवर जीपवाले लेकराला उडवतील. वडील म्हणत, पांदणीत हाक मारली तर ऐकायला कोण हाय? शेवटी त्यांनीच तोड काढली.

"गुरुजी, तुमी सकाळी इकडं येता, ही तिकडं जाईल. वाटंत गाठ पडंलच. तेवढं आमाला सांगत जा. पण सडकीनंच या. एक दिवस जरी उलटसुलट झालं, तर पोरगी घरी बसंल."

अशा रीतीनं माझं वाट निवडायचं स्वातंत्र्य संपलं. शाळेशेजारच्या हातपंपावर तिची आई घागर घेऊन उभी असायची.

"कुठं भेटली, गुरुजी?"

"पुलाच्या पलीकडे."

"आज लई जोरात गेली मंग."

मी उशिरा निघालो, की गाठ सेनगावजवळ पडायची आणि वेगाचं श्रेय मुलीला मिळायचं. मी कधी खुलासा केला नाही.

दसरा झाला आणि सोयाबीनची काढणी आली. आमच्याकडे डांबरी सडक म्हणजे फुकटचं खळं. लोक तिच्यावर पीक पसरतात आणि मळणी ट्रकवाल्यांवर सोपवतात. एका सकाळी पुलापासून पुढे सोयाबीनच सोयाबीन. दाणे चाकाखाली छऱ्यांसारखे निसटत होते. मी दोनदा घसरलो आणि उतरून चालत गेलो. मुलगी काही भेटली नाही.

"आज भेटली नाही," मी हातपंपावर सांगितलं. आईनं घागर खाली ठेवली. वडील मेंढ्या घेऊन निघालेच होते. त्यांनी काठी आणि मेंढ्या भावाकडे दिल्या. मी दुसऱ्या शिक्षकांना माझा वर्ग सांभाळायला सांगितला. वडील माझ्या कॅरिअरवर बसले आणि आम्ही पांदणीनं निघालो. पांदण वरून सुकली होती. ते प्रत्येक वळणावर मुलीच्या नावानं हाक मारत होते. मध्येच म्हणाले, "सापडू द्या फकस्त. उद्यापासून शाळा बंद." मी पायडल आणखी जोरात मारलं.

ती सेनगावच्या शाळेत, वर्गात बसली होती. खिडकीत बाप बघून घाबरून दप्तर घेऊनच बाहेर आली.

"सडकीनं काहून न्हाई आलीस गं?"

"सडकीवर सोयाबीन हातरलंय. पडले असते."

"आन् गुरुजी सडकीनं आले त्याचं?"

तिनं माझ्या पँटच्या फाटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. "मला वाटलं, गुरुजीबी पांदणीनं येतील. त्यांलाबी दिसतंच की."

तिचं दप्तर खांद्यावरून घसरलं होतं, ते वडिलांनी नीट केलं आणि म्हणाले, "जा, वर्गात बस."

परतताना सायकल त्यांनी चालवली, मी मागे बसलो. पांदणीचा निम्मा रस्ता सरला. शाळा बंदचा निकाल अजून उभा आहे का, हे विचारायचं मला धाडस होईना. मग पुढूनच आवाज आला.

"गुरुजी, उद्यापासून एक करा."

"काय?"

"कोन्या वाटंनं यायचं ते आदल्या दिवशी तिला इचारून ठेवत जा."