सातच्या आधी लादी

कळव्याला भाच्याच्या मुंजीत मी हौसेने खाली पंगतीला बसले. जेवण झालं आणि उठता येईना. शेवटी दोघा पुतण्यांनी काखेत हात घालून मला उभं केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "सांभाळून रे, दाराला लागेल." कपाट हलवताना म्हणतात तसं.

लेकीचं लग्न पाच महिन्यांवर आलं होतं. "आई, कन्यादानाला तुम्हा दोघांना खुर्च्याच ठेवू," ती म्हणाली. मला भयंकर राग आला. एकुलत्या एका मुलीचं कन्यादान मी पाटावर बसूनच करणार होते, आणि कुणाचा हात न धरता उठणार होते.

म्हणून ट्रेनर ठेवली. दिव्याहून डोंबिवलीला आमच्या घरी यायची, आठवड्यातून पाच दिवस, महिन्याचे आठ हजार. "एवढ्यात बाई वर्षभर लादी पुसते," आमचे हे म्हणाले. मी लक्ष दिलं नाही.

ट्रेनर सकाळी सातला यायची आणि कामवाली अकराला. आता परक्या बाईने आपल्या घरात कालच्या धुळीवर चटई अंथरायची? दुसऱ्या दिवसापासून मी साडेपाचला उठून हॉल पुसायला लागले. आधी मॉपने. त्याचे फराटे राहतात, म्हणून मग बुटक्या स्टुलावर बसून फडक्याने. स्टूल सारखं सरकवायचं म्हणजे कटकट, म्हणून पाट घेतला. दीड महिन्याने पाटही सोडला आणि सरळ उकिडवी बसून पुसायला लागले.

ट्रेनरला दोनदा म्हटलं, अकरानंतर ये ना. "काकू, माझ्याकडे सातचीच वेळ आहे," ती म्हणायची. मग मला खुर्चीवरून उठबस करायला लावायची आणि पोहे खाऊन जायची.

तिसऱ्या महिन्यात मी खाली बसून आपली आपण उठले. ओरडून ह्यांना बोलावलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ओल्या लादीकडे.

"म्हणजे आपण आठ हजार देतो, ते तू लादी पुसावीस म्हणून."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, कारण त्यांचं म्हणणं मला पटलं होतं.

कन्यादान झालं. गुरुजी "उठा" म्हणाले तसा ह्यांनी हात पुढे केला. मी तो न धरताच उठले. लेक चालली म्हणून आणि उठता आलं म्हणून, दोन्हींचं रडू मला एकदमच आलं. हात मात्र तसाच पुढे होता. तो मला द्यायला नव्हता, तेच खाली अडकले होते. मी त्यांना ओढून उभं केलं.

ट्रेनरही लग्नाला आली होती. जेवताना तिला ह्यांचं ते आठ हजारांचं बोलणं सांगितलं. वाटलं, चिडेल.

"पहिल्याच आठवड्यात लादी ओली दिसलेली, काकू. म्हणून तर वेळ बदलली नाही," ती जिलबी घेत म्हणाली. "अकराला मी रिकामीच असते."

ती अजूनही सातला येते, ह्यांच्यासाठी. साडेपाचला हे स्टुलावर बसून लादी पुसतात, आणि राहिलेले फराटे मी दाखवते.