खालची काच

लेकीची निळी काचेची वाटी खिडकीत टांगायची होती, म्हणून तिच्या बुडाला भोक पाडून घ्यायला मी एका कारखान्यात गेले. यंत्राची सळई फिरत नव्हती. ती नुसती थरथरत होती, कानांना ऐकू येणार नाही इतक्या वेगानं. तिच्याखाली बारीक पूड कालवलेलं पाणी वाहत होतं आणि ते कणच हळूहळू काच कोरत होते.

कारागिरानं वाटीखाली मेणानं एक साधी काच चिकटवली होती.

“ही कशाला?” मी विचारलं.

“ताई, काच तडकते ती शेवटी. भोक आरपार व्हायच्या वेळी खालून आधार लागतो.”

मला लेकीचा परदेशातून आलेला तो फोन आठवला. ती कितीतरी वेळ अडखळत काही सांगू बघत होती. अगदी ओठांवर आलं होतं, आणि मी म्हटलं, “एकदाचं सांगून टाक ना!” तेव्हापासून ती फक्त तिकडच्या थंडीबद्दल बोलते. मी अजून त्या अर्ध्या वाक्यापाशीच बसून आहे.

मेण वितळवून त्यानं वाटी सोडवली. कुठे टवकासुद्धा उडाला नव्हता. खळगा पडला होता तो खालच्या काचेत.

“ही टाकून देतो,” तो म्हणाला.

“थांबा,” मी म्हटलं. “तीच आधी द्या.”