रानलसूण आणि शेजारची ढाबळ

नगरपालिकेकडे ती निनावी तक्रार मी केली होती. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही फेल्डहोवन या डच गावात राहतो, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. शेजारी एक म्हातारे विधुर, त्यांच्या पलीकडे एकट्या राहणाऱ्या एक बाई. दर रविवारी दोघं एकत्र कॉफी प्यायचे. म्हाताऱ्यांच्या मागच्या अंगणात कबुतरांची ढाबळ होती, त्यांनी स्वतः ठोकून बांधलेली. बाई शिटेवरून कुरकुरायच्या, पण कॉफी चुकवायच्या नाहीत.

एका ऑक्टोबरात मी नर्सरीतून रानलसणीचे कंद आणले. लसूण इथल्याच जंगलातली, सावलीत वाढणारी. कुंपणालगत लावली. मार्चमध्ये लांब मऊ पानं आली, एप्रिलअखेर पांढरी फुलं, आणि अंगणभर लसणाचा घमघमाट. बायकोनं पानं चिरून थालीपिठं लावली.

एका सकाळी म्हातारे कुंपणावरून म्हणाले, "शेजारी, तुमची बाग माझ्या कॉफीत उतरली की!" आणि हसले.

मीही हसलो. पण इतकी वर्षं परदेशात काढल्यावर वासावरचा विनोद मला नुसता विनोद वाटत नाही. ऑफिसच्या मायक्रोवेव्हपाशी, भाड्याचं घर बघताना, लिफ्टमध्ये, तो मी पुष्कळदा हसून गिळला होता.

मेअखेर पानं पिवळी पडली. जूनच्या मध्यात तिथे नुसती माती. त्याच आठवड्यात म्हातारे पाठीला फवारणीचा पंप अडकवून कुंपणाशी वाकलेले मला दिसले होते. झालं.

"त्यानंच औषध मारलंय," मी बायकोला म्हणालो.

"अरे, लसूणच ना ती? पात वाळली की गड्डा खाली असतो. उकरून तरी बघ."

"वास येतो म्हणाला होता तो."

"हसत म्हणाला होता!"

"तेच तर."

"तू ना, संशयाचं दुकान काढ एक," म्हणत ती आत गेली.

माझं काम यंत्रांतले दोष शोधायचं. यंत्र न उघडता मी कधी रिपोर्ट दिलेला नाही. इथे मात्र चार बोटं माती उकरली नाही. फोनमध्ये पुरावे लिहीत बसलो: कोणत्या दिवशी पंप, कोणत्या दिवशी हसणं. मग नगरपालिकेच्या साइटवर बांधकामाचे नियम वाचले आणि तक्रारीचा फॉर्म भरला. ढाबळ परवानगीशिवाय बांधलेली होती, कुंपणाला खेटून, बेताबाहेर उंच. तक्रारीत एक अक्षर खोटं नव्हतं. 'नाव गुप्त ठेवा' या चौकोनात टिक केली.

तपासणीला माणूस आला, मग म्हाताऱ्यांना ढाबळ काढून टाकण्याचं पत्र आलं. कबुतरं दुसऱ्या गावच्या कुणाला तरी देऊन झाली. ढाबळ उतरवताना म्हाताऱ्यांनी मलाच हाक मारली. फळीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या.

"हे तिचंच काम," पलीकडच्या घराकडे बघत ते म्हणाले. "तिच्याशिवाय कोण करणार?"

"असेल," मी म्हणालो.

तक्रारीपेक्षा हा एक शब्द मला जास्त जड जातो. त्या रविवारपासून त्यांची कॉफी बंद झाली. बाईंनी एकदा मला रस्त्यात थांबवून विचारलं, "माझं काय चुकलं, तुम्हाला काही बोलले का ते?" मी नाही म्हणालो.

पुढच्या मार्चमध्ये रानलसूण पुन्हा वर आली, आधीपेक्षा दाट. दर उन्हाळ्यात ती जमिनीखाली जातेच, हे मला तेव्हा कळलं. बायको म्हणाली, "बघ, सांगत होते ना?" बाकीचं तिला ठाऊक नव्हतं. आता म्हातारे सकाळी हात हलवतात तेव्हा मलाच संशय येतो, यांना कळलं तर नसेल? बायको अमुक दिवशी अमुक का म्हणाली, तेही मी तपासत बसतो.

हे मराठीत लिहितोय, म्हणजे त्या दोघांना वाचता येणार नाही. ही पळवाट मला दिसते आहे.

ढाबळ परत बांधून देणं माझ्या हातात नाही. पण दोन्ही घरांची बेल वाजवून, त्यांना कळेल अशा डचमध्ये, तक्रार मी केली आणि बाईंचा तिच्याशी काही संबंध नव्हता, एवढं सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.