काचेवरचा कागद

आमच्या सेनगावच्या ऑफिसात झेरॉक्स मशीन बघायला हिंगोलीहून एक मेकॅनिक येतो. नाव मी कधी विचारलं नाही. चपला दाराबाहेर काढतो, मशीनवर हात ठेवून तिलाच विचारतो, "काहून तकलीफ देऊन राहिली, माय?"

त्या दिवशी मशीनवर स्कॅन केलेला कागद थेट साहेबांच्या कॉम्प्युटरवर जावा, अशी जोडणी त्यानं केली. साहेब आतून ओरडले, "पाठव काहीतरी, बघू दे."

त्यानं झाकण उचललं. काचेवर पालथा कागद होता. साहेबांविरुद्धचा माझा तक्रार अर्ज! सकाळी झेरॉक्स काढली आणि मूळ कागद उचलायचाच विसरले.

त्यानं तो हातात घेऊन ओठ हलवत सावकाश वाचला. माझ्याकडे पाहिलं. मग कोरी बाजू काचेवर ठेवून बटण दाबलं.

"कोरंच आलंय रे!"

"कोरं आलं म्हणजे बराबर आलं, साहेब."

अर्जाची घडी करून त्यानं माझ्या टेबलावर ठेवली.

अजूनही तो आला की आधी मला विचारतो. मोठ्यानं, साहेबांसमोर, जराही न हसता.

"ताई, काच रिकामी हाय ना?"