डॉक्टरांच्या टेबलावरचे पाइपाचे तुकडे

सोमवार, दिवाळी उलटून आठवा दिवस. सकाळी डिचोलीला जाऊन रक्तदाब मोजून घेतला. येताना बेकरीतून उंडे पाव आणले. आता सर्वण गावच्या घरी लिहायला बसलो आहे. आमचे डॉक्टर अनंतबाब पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, त्यानिमित्त हे चार शब्द. मला लिहिण्याची सवय नाही. त्यांचा रुग्ण एवढीच माझी पात्रता.

मला आणि माझी पत्नी सुशीला हिला एकाच दिवशी रक्तदाब निघाला, तेव्हा त्यांची पहिली ओळख झाली. त्यांनी दोघांना वेगवेगळ्या गोळ्या दिल्या. महिन्याभरात माझे पाय सुजले, चपला चढेनात. सुशीलाला कोरडा खोकला लागला. आमच्याकडे भजन संपलं की देवळाच्या मंडपात कोणाची गोळी चांगली यावर चर्चा होते. तिथून येताना तिने तोडगा काढला.

"अहो, तुमची मला द्या, माझी तुम्ही घ्या. घरातल्या घरात."

पुढच्या तपासणीला मी खोकत गेलो. ही शेजारी शांत बसलेली. डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"गेल्या खेपेला बाय खोकत होत्या. खोकल्याने घर तेच ठेवून माणूस बदलला?"

सुशीलाने सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "पण माझा दाब उतरला की नाही?"

उतरला होता. पायही सुजले नव्हते. "नशीब समजा," डॉक्टर म्हणाले. "भात वाटून खा, गोळ्या नको." मग त्यांनी टेबलावर कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पाण्याच्या पाइपाचे दोन तुकडे ठेवले. एक नवा, मऊ. दुसरा जुना, कडक होऊन चिरलेला. "दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की रक्तवाहिन्या अशा होतात. एक गोळी त्यांना सैल करते, दुसरी त्यांना आवळू देत नाही, तिसरी अंगातलं जादा पाणी काढते. कोणती भारी हे विचारू नका. दाब खाली राहिला पाहिजे आणि गोळी त्या माणसाला सोसली पाहिजे."

रक्त तपासून त्यांनी सुशीलाला माझी गोळी कायम केली, मला तिसरी दिली. डॉक्टरांनी आपलं औषध मान्य केलं, हे तिने गावभर सांगितलं. तिच्याकडे बायका सल्ल्याला येऊ लागल्या. शेवटी एका सोमवारी अनंतबाब स्वतः पाइप घेऊन मंडपात आले. ते बोलायला लागण्याआधीच एका म्हाताऱ्याने पाइपाचा भाव विचारला, "मीटराक कितले, दोतोर?"

गेल्या वर्षी तापाच्या दुखण्यात सुशीला गेली. मी गोळ्या सोडल्या. कोणाला सांगितलं नाही. तपासणी चुकली म्हणून अनंतबाब घरी आले. दाब मोजला.

"भाऊ, रक्तवाहिन्यांना दुःख कळत नाही. त्या कडक होतच राहतात."

त्यांनी पाणी मागितलं आणि मी गोळी गिळेपर्यंत बसून राहिले. असे आठ दिवस रोज आले. आठव्या दिवशी म्हणाले, "उद्यापासून मी येत नाही. तुम्ही घ्याल?" मी हो म्हणालो.

अनंतबाब स्वतःची गोळी मात्र विसरतात, असं त्यांच्या पत्नी सांगतात. त्यांनी ती रोज आठवणीने घ्यावी, उदंड जगावं आणि आम्हाला असंच फैलावर घ्यावं, एवढं देवाकडे मागतो.

जेवण झालं आहे. गोळी घेतली. पेला विसळून पालथा घातला.