तोंडाची चव आणायला इस्लापूरला

आमचं लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या कोऱ्या पाट्या झळकत होत्या आणि पाटीखाली घागरींची रांग! अशा दुष्काळात किराणा दुकानाला कुलूप घालून मी एस.टी.त बसलो, ते एका मुळीसाठी.

माझी बायको शांता तापातून उठली, पण तिच्या तोंडाची चव पार गेली. लोणचं काय आणि माती काय, तिला सारखंच. जेवण तुटलं. माझ्या हातचं अळणी कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी) ती मुकाट गिळायची. शांता, आणि नावं ठेवत नाही! गल्लीतले वैद्य म्हणाले, "इस्लापूरच्या रानातलं ताजं पहाडमूळ आणा. त्याचा काढा कडू लागला, की भूक परतली समजा."

लोह्याच्या स्टँडवर एकानं "अस्सल पहाडमूळ" म्हणून एक जुडी माझ्या गळ्यात मारली. गाडीत बसून चावलं, तर कसलं कडू नि कसलं काय, नुसतं वाळकं लाकूड! शेजारचा म्हातारा पोट धरून हसला. "शेटजी, दात घासा आता त्यानं." मीही हसलो. करतो काय?

नांदेडला गाडी बदलली. भोकर मागं पडल्यावर सागाचं रान लागलं, तेही उघडंबोडकं. इस्लापूरला चहावाल्यानं मला यमुनामावशींकडं धाडलं. रानातल्या मुळ्या खणून त्या बाजारात विकायच्या.

"वेल वाळून गेली दादा. पानच न्हाई तर वळखू कशी?" मावशी म्हणाल्या. "आजारी कोन हाय?"

"बायको."

"मंग चला बेगीन."

त्यांनी कुदळ घेतली. इथं उकर, तिथं उकर, भलतंच निघायचं. उन्हानं माझी टाळू तापली. शेवटी एका दगडाआड नागमोडी मुळी लागली.

"आधी तुमी चावा. नेनाऱ्यानं चाखल्याबिगर मी मूळ देत न्हाई."

चावलं. आई गं! कानशिलापर्यंत कडू! मावशी खूश झाल्या. त्यांनी अर्धं मूळ तोडून माझ्या हातात ठेवलं, उरलेलं मातीत पुरलं आणि वर आपल्या तांब्यातलं पाणी ओतलं.

"अहो, प्यायचं पाणी ते!"

"वेलीलाबी तहान हायच की," मावशी म्हणाल्या. मग मला घरी नेऊन त्यांनी भाकरी आणि जवसाची चटणी वाढली. इतकं गोड जेवण मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

लातूरला पोचल्यावर वैद्यांनी सांगितला तसा काढा उकळला. शांतानं वाटी तोंडाला लावली. मी तिच्या तोंडाकडं बघत उभा. एक घोट गेला. काहीच नाही.

मग तिच्या भुवया आवळल्या, जीभ बाहेर आली.

"अगं बाई! काय पाजलं वो मला? कडूजहर हाय हे!"

मला हुंदकाच फुटला. भर दुपारी, सैपाकघरात उभा राहून मी ढसाढसा रडलो.

शांतानं वाटी आपटली. "आता तुमाला काय झालं रडायला? प्याले तर मी!"